उजवी झडप

गाडीच्या चाकामागे, चिखल उडू नये म्हणून, जो तुकडा लोंबत असतो त्याला लोक मडफ्लॅप म्हणतात. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्याला झडप म्हणत. जगात इतरत्र कुठेही म्हणत नाहीत. हा शब्द मिस्त्रींच्या वडिलांचा. त्यांचंही गॅरेजच होतं, आणि परकी नावं उच्चारताना त्यांची जीभ अडायची, म्हणून त्यांनी स्वतःपुरती नवी नावं पाडली होती. सायलेन्सरला ते नळी म्हणत, बंपरला ओठ म्हणत आणि मडफ्लॅपला झडप. इंजिनात जी खरीखुरी झडप असते तिला मात्र ते व्हॉल्व्हच म्हणत, आणि तेवढं कसं कोण जाणे बरोबर जमायचं. वडील गेले, नळी आणि ओठही त्यांच्याबरोबर गेले. झडप तेवढी मागे राहिली आणि दोघा मुलांच्या तोंडी बसली. मिस्त्री म्हणजे त्यातला धाकटा.

वय अठ्ठावन्न. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं औषधापुरतं. गाडीला बाहेरून जे जे असतं ते मिस्त्री दुरुस्त करायचे. न लागणारी दारं, न उघडणाऱ्या काचा, हलणाऱ्या सीटा, झडपा. बॉनेटखाली हात घालायचे नाहीत. गिऱ्हाइकाने आग्रह केला तर म्हणायचे, "ते माझं काम नाही," आणि असं म्हणायचे की पुन्हा कुणी विचारू नये.

त्यालाही कारण होतं. वडिलांनंतर काही वर्षं दोघा भावांनी ते गॅरेज मिळून चालवलं. थोरले, म्हणजे दादा, इंजिनाचे. गाडी फाटकातून आत येता येताच तिला काय झालंय ते दादा खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचे. एके दिवशी एका गिऱ्हाइकासमोर मिस्त्रींनी इंजिनाबद्दल काहीतरी मत दिलं. ते बरोबर होतं की चूक, हे आता कुणालाच आठवत नाही. दादा म्हणाले, "तू गप्प रे. तू झडपांचा माणूस." गिऱ्हाईक हसलं. ते हसलं नसतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं, पण लोकांना नको तिथे हसू येतं. मिस्त्रींनी हात पुसले, आपला पान्यांचा डबा उचलला आणि चालू पडले. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी पत्र्याची शेड टाकली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत भावाशी भाऊ एक शब्द बोलला नव्हता. नात्यात कुणाचं काही असलं की दोघं अशा खुर्च्या पकडायचे की मध्ये एखादा खांब यावा.

मिस्त्रींना दादांची आठवण यायची. रोज यायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण सकाळी कामाला निघताना ते वाट वाकडी करून दादांच्या गॅरेजवरून जायचे, शटर उघडं आहे एवढं बघायचे आणि मान खाली घालून पुढे निघायचे. गेल्या महिन्यात शटर दोनदा बंद दिसलं. मिस्त्रींनी त्याचे नाना अर्थ लावले आणि कुणालाही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी बोलायला हवं, आणि आधी कोण बोलणार, यावर तर अकरा वर्षं सगळं अडलं होतं.

त्याच सुमाराला जनावरांचे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले. फोर बाय फोर, चारही चाकांना जोर असलेली, परदेशी आणि आता बरीच वयस्कर. डॉक्टर तिच्यातून वाड्या-वस्त्यांवर गाई-म्हशी तपासत हिंडायचे. मागच्या उजव्या चाकाची झडप खालून आत वळली होती आणि तिचा एक कोपरा वितळून काळा पडला होता.

"वळण घेतलं की टायरला घासते," डॉक्टर म्हणाले. "आणि आवाज असा काढते की मी पोहोचायच्या आधीच गाय पान्हा चोरते. नवी टाका."

मिस्त्री खाली बसले. झडप बोटांनी दाबून पाहिली, नखाने खरवडून पाहिली. "नवी मागवावी लागेल. दोन महिने."

"दोन महिने कुणी थांबायचं?"

"रबर असतं तर फेकूनच दिलं असतं. हे प्लॅस्टिक आहे. तापवलं की ऐकतं. मंगळवारी आणा."

डॉक्टर म्हणाले, तोवर चालतंय तेवढं चालवू, आणि गेले. मिस्त्रींच्या लक्षात हल्ली काही राहत नसे. म्हणून ते स्पेअर पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कामं टिपून घ्यायचे आणि तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकायचे. त्यांनी लिहिलं:

डॉक्टर. उजवी झडप. उष्णतेने वाकलीये. कोपरा जळालाय. नवी लवकर मिळत नाही. मंगळवारी उघडून बघू. सरळ झाली तर ठीक, नाहीतर तशीच चालवायची. डॉक्टर म्हणाले, चालतंय तोवर चालवू.

गुरुवारी सकाळी मिस्त्रींच्या बायकोने शर्ट धुवायला घेतला, सवयीने खिसा चाचपला आणि पुठ्ठा वाचला.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर लोक त्या बाईला उगाच नावं ठेवतील. पहिली म्हणजे, लग्न झालं त्या वर्षीच तिने नवऱ्याला बजावलं होतं की गॅरेज उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. ना ग्रीसचे हात, ना गाड्यांच्या गोष्टी. मिस्त्रींनी ते इतकं मनावर घेतलं की एकतीस वर्षांच्या संसारात मडफ्लॅपला झडप म्हणतात हे तिच्या कानावर कधी पडलंच नाही; तिला ठाऊक होती ती काळजातली झडप. दुसरी म्हणजे, तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रींच्या छातीत जळजळलं होतं. ते दवाखान्यात जाऊन आले आणि तिने काय झालं विचारल्यावर म्हणाले, "काही नाही. उष्णता आहे."

ती न्हाणीघराच्या दारातच बसली आणि पुठ्ठा तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना "तशीच चालवायची" पाशी तिला रडू फुटलं. तशीच चालवायची म्हणे! बायकापोरांना काही न सांगता!

नवऱ्याला सरळ विचारावं असं तिच्या मनात आलं, पण तो काय उत्तर देणार हे तिला पाठ होतं. पाय मोडला होता तेव्हाही तो "काही नाही" म्हणाला होता. तिने दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"आई, झडप उष्णतेने वाकत नाही गं," मुलगी म्हणाली. "निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही."

"तुझ्या बाबांची वाकू शकते. त्यांचं सगळंच जगावेगळं."

"कोपरा जळालाय म्हणजे काय पण?"

"चहा. दिवसाला आठ-आठ कप. मी ओरडून ओरडून थकले."

मग तिने दुसरा फोन लावला तो दादांना. अकरा वर्षं तिनेही भांडण इमानाने पाळलं होतं, पण नंबर पुसला नव्हता. तिने पुठ्ठा वाचून दाखवला. दादा मग म्हणाले, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचला.

"आतल्या बाजूला वाकलीये की बाहेरच्या?" दादांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, दादा."

"बरं," दादा म्हणाले. "मंगळवारी येतो. त्याला सांगू नकोस."

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या ताटातलं मीठ गेलं. आधी त्यांना वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी उकडलेला दुधी आला आणि तिसऱ्या दिवशी तोच दुधी परत आला, तेव्हा त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, डोळे भरून. चहा बंद झाला. पाण्याची बादली उचलायला गेले तर तिने ती हातातून काढून घेतली. मुलीचा रोज फोन येऊ लागला आणि ती "बाबा, बरे आहात ना?" असं अशा आवाजात विचारायची की मिस्त्रींना स्वतःचीच शंका यायला लागली. शेवटी त्यांनी विचार करून असा निष्कर्ष काढला की बायकोलाच काहीतरी झालंय, तिला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि एकटीला जाणार नाही म्हणून ती सगळ्यांचंच बंद करतेय. ते घाबरले. पण तिला वाईट वाटेल म्हणून काही बोलले नाहीत आणि दुधी मुकाट गिळत राहिले. असे ते दोघं, एकमेकांच्या काळजीने, पाच दिवस अळणी जेवले.

मंगळवारी डॉक्टर गाडी सोडून गेले. मिस्त्रींनी जॅक लावून उजवं चाक काढलं आणि शेडच्या सावलीत फळकुटावर बसून झडपेचे गंजलेले बोल्ट बघत होते, तेव्हा दारात कुणीतरी उभं राहिलं. मिस्त्रींनी आधी बूट ओळखले. मग वर पाहिलं.

दादा वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. बसस्टॉपपासून शेडपर्यंत दोन मिनिटांची वाट, तरी त्यांना दम लागला होता. शेडमध्ये जुन्या गाडीची एक सीट खुर्चीसारखी ठेवलेली होती, तिच्यावर ते टेकले आणि थोडा वेळ नुसते बसले. मिस्त्रींना वाटलं, उठून काहीतरी म्हणावं. अकरा वर्षं त्यांनी या प्रसंगासाठी निदान दहा वेगवेगळी वाक्यं तयार ठेवली होती. त्यातली काही चांगलीच झोंबणारी होती. आता एकही आठवेना.

"बोल्टला तेल मारलंस?" दादांनी विचारलं.

"मारलंय."

"कधी?"

"काल."

"मग सुटेल."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं एवढंच झालं, आणि दोघांनाही ते पुरलं. मिस्त्रींनी हात मागे केला. काही न बोलता त्यात दहाचा पाना आला. पहिला बोल्ट कुरकुरत सुटला, दुसरा निमूट सुटला, तिसऱ्याचं डोकं तुटलं, आणि त्यावर मिस्त्री जे म्हणाले ते वडिलांच्या वेळचंच होतं. दादांना हसू आलं. हसताना त्यांनी छातीवर हात ठेवला, पण मिस्त्री तेव्हा बोल्ट शोधत होते.

झडप निघाली. साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून मिस्त्रींनी ती लोखंडी टेबलावर उताणी टाकली. गरम हवा फेकणारी बंदूक सुरू केली. हे काम लांबून करायचं असतं. हवा सारखी फिरती ठेवायची, एका जागी थांबलं की प्लॅस्टिकला फोड येतात. घाई केली की झडप वरून सरळ दिसते आणि गार झाली की पुन्हा आपल्या वळणावर जाते. मिस्त्री घाई करत नसत. दर थोड्या वेळाने ते हातमोजा घातलेल्या बोटाने कोपरा दाबून बघायचे. दादा सगळं बघत होते. मधेच ते उठले, गाडीखाली वाकले आणि परत येऊन बसले.

"सायलेन्सरचा पाइप बाजूला झुकलाय," ते म्हणाले. "धरून ठेवणारं रबर तुटलंय. सगळी आग या झडपेवरच येते."

"बघितलंय."

"पाइप नीट टांगल्याशिवाय तू कितीही सरळ कर, पुन्हा वाकेल."

"नवं रबर आणून ठेवलंय, दादा. आणि मध्ये पत्राही लावणार आहे, आगीला आडवा."

दादांनी मान डोलावली. "इंजिनवाल्याला सुचलं नसतं," असं काहीतरी ते पुटपुटले, पण बंदुकीच्या आवाजात मिस्त्रींना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलंही नाही, कारण चुकीचं ऐकलं असलं तरी तेच ऐकायचं होतं.

झडप मऊ झाली. मिस्त्रींनी ती दोन लाकडी फळ्यांमध्ये घातली, आणि वर काय ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघत होते तेव्हा दादांनी कोपऱ्यातल्या जुन्या गिअरबॉक्सकडे बोट दाखवलं. एरवी ते स्वतः उचलायला पुढे झाले असते. आज बसूनच राहिले. मिस्त्रींनी एकट्याने गिअरबॉक्स ओढत आणला आणि फळीवर ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत हलवायचं नाही," ते म्हणाले.

नेमकी त्याच वेळी मिस्त्रींची बायको आली. हातात डबा, चेहऱ्यावर पाच दिवसांचं जागरण. नवऱ्याचं तोंड घामाने निथळतंय आणि त्याने आत्ताच गिअरबॉक्स ओढलाय, हे तिने दारातून पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"अहो, तुम्हाला काही आहे की नाही? आज दवाखान्यात जायचं सोडून लोखंड उचलताय? आज उघडून बघणार आहेत ना तुम्हाला?"

"मला?" मिस्त्री म्हणाले. "मला कोण उघडून बघणार?"

तिने कमरेला खोचलेला पुठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. मिस्त्रींनी चष्मा चढवला, पुठ्ठा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसेना, चांगलं स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी तो बायकोच्या डोळ्यांनी वाचला. मग त्यांनी गिअरबॉक्सखालच्या फळीकडे बोट दाखवलं.

"ही बघ उजवी झडप," ते म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीची."

ती फळीजवळ गेली, वाकली, फटीतून डोकावून आत पाहिलं. मग चाक काढलेल्या गाडीकडे पाहिलं. ती हसणार की रडणार हे मिस्त्रींना कळेना. तिने दोन्ही केलं. मग ती भडकली, आणि ते योग्यच होतं.

"पाच दिवस! पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही! या फडक्यापायी?" एकदम ती दादांकडे वळली. "आणि दादा, तुम्ही? तुम्हाला मी दोनदा वाचून दाखवलं. तुमच्या गॅरेजातलाच शब्द ना हा? तुम्हालाही कळलं नाही?"

"कळलं होतं," दादा म्हणाले. "फोनवरच कळलं होतं."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि पत्रे खडखडले.

"मग आलास कशाला?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना तसं कडू विचारायचं नव्हतं, पण शब्द तसे निघाले.

दादांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि भावापुढे धरला. समोर टाइप केलेलं बरंच काही होतं. मागे कुणीतरी पेनाने घाईघाईत काळजाचं चित्र काढलं होतं. त्याच्या एका बाजूला दोन छोट्या रेघा, आणि त्यांच्याकडे बाण.

"माझी डावी," दादा म्हणाले.

मिस्त्रींनी चित्र उजेडात धरलं. त्यांना भीती वाटली. भीती वाटली की त्यांना कामाचंच बोलता यायचं.

"याला बिजागरी दिसत नाही."

"नसते म्हणे. नुसती उघडते, मिटते. माझी कडक झालीये. नीट मिटत नाही."

"तापवून..."

"नाही रे."

"नवी मिळते?"

"मिळते. येत्या सोमवारी बसवणार. छाती उघडून."

म्हणून शटर दोनदा बंद होतं. मिस्त्रींनी ते दोन्ही दिवस मनात पुन्हा मोजले. शटरसमोरून आपण दोन्ही वेळा मान खाली घालून गेलो, ही गोष्ट त्यांना त्या क्षणी फार लागली.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं तर ती हाय खाईल. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात हिचा फोन आला." दादांनी खाली मान घातली. त्यांनी बोटाने सीटचं फाटलेलं रेक्झिन सारखं केलं. "म्हटलं, झडपांचं काम आहे. झडपांच्या माणसाकडेच जावं."

मिस्त्रींनी बंदुकीची वायर गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली, सोडली आणि दादांच्या शेजारी सीटवर येऊन बसले. सीट एकाच माणसाची होती. दोघं तिच्यावर दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून बसले.

"सोमवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सातला पोचायचंय."

"सहाला येतो. वहिनीला तोवर मी सांगतो."

मिस्त्रींच्या बायकोने पदराने डोळे पुसले आणि डबा उघडला. आत दोन छोटे डबे होते. एकात नवऱ्यासाठीचा अळणी दुधी, दुसऱ्यात तिचं स्वतःचं जेवण. आज पाच दिवसांनी तिने चोरून त्यात मीठ घातलं होतं. तिने क्षणभर दोन्हींकडे पाहिलं. मग खारं ते नवऱ्यापुढे ठेवलं आणि दुधी दादांपुढे.

दादांनी एक घास घेतला. "हे काय आहे?"

"हेच खायचं आता," ती म्हणाली. "तुमचंच आहे ते. चुकीच्या माणसाला घालत होते."

मिस्त्रींनी आपल्यापुढचा डबा बंद करून तिच्याकडे सरकवला. हात लांब करून दादांच्या डब्यातला दुधी घेतला आणि खाल्ला. मीठ तर नव्हतंच, शिवाय तो आज नीट शिजलाही नव्हता.

"बरा आहे," ते म्हणाले, आणि आणखी घेतला.